बोळातलं कारपेट: पक्कं बसवा, पण उचलता येऊ द्या

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. तेव्हा शहाबादी फरशी पहाटे अशी गार पडते की अनवाणी पाय टेकवत नाही. आमच्या जुन्या घरात ढेलजेपासून, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीपासून, स्वयंपाकघरापर्यंत अठरा फुटांचा सरळ बोळ आहे. आईचे गुडघे दुखतात आणि तिला पहाटे चारला उठायची सवय. म्हणून एका हिवाळ्यात मी बोळाच्या मापाचा लांब पट्टा आणला. दुकानात त्याला ‘रनर’ म्हणतात. मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले, रबरी गोंदाचा डबा आणला आणि दुपारभरात अठरा फूट चिकटवून मोकळा झालो.

आई संध्याकाळी मंदिरातून आली. दारातच थांबून म्हणाली, “चिटकवूनच टाकलास का रे? मग खालची फरशी मी पुसू कशी?”

मी हसण्यावारी नेलं. जुलैत बोळाला कुबट वास यायला लागला. ऑगस्टमध्ये एक कोपरा उचकटून पाहिला तर खाली ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांची पांढरी भुकटी आणि तिच्यात काळी बुरशी. कारपेट फेकून दिलं. गोंद खरवडायला दोन रविवार गेले आणि चार फरश्यांवरचे पिवळे डाग आजही तसेच आहेत.

ते व्हिडिओ खोटे नव्हते. फक्त ते लाकडी जमिनीच्या घरांतले होते. तिकडे भिंतीलगत खिळ्यांची काटेपट्टी ठोकतात, तिच्यावर कारपेट ताणून अडकवतात, नाहीतर स्टेपल मारतात. तिथं रोज बादलीभर पाण्यानं फरशी पुसत नाहीत आणि जमिनीखालून ओलही तशी वर येत नाही. आपल्याकडे खाली दगड किंवा टाईल्स, वर रोजचं झाडणं-पुसणं, पावसाळ्यात ओल आणि आठ महिने धूळ. त्यामुळे चालताना हलणार नाही इतकं घट्ट, पण आठवड्यातून एकदा एका माणसाला उचलून खालून पुसता येईल इतकं मोकळं, असं कारपेट बसवावं लागतं. पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहिलंय.

आधी बोळाची तपासणी

दुकानात जाण्याआधी फरशीची ओल बघा. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या. खताच्या गोणीच्या आतली पिशवी फाडली तरी चालते. तो फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी गडद पडली, तर जमिनीतून ओल येते आहे असं धरा. जुन्या घरांत मुरुमावर चुना टाकून थेट फरशी बसवलेली असते, मध्ये ओल अडवणारं काही नसतं. अशा ठिकाणी ही चाचणी उन्हाळ्यात करून उपयोग नाही, पावसाळ्यात किंवा निदान दिवाळीच्या आधी करा. ओल निघाली म्हणजे कारपेट घालायचंच नाही असं नाही. पण मग गोंद आणि रबरी पाठीचं कारपेट दोन्ही यादीतून काढा, कारण दोन्ही ओल कोंडून धरतात.

मग चढ-उतार. घराखालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा. त्यामुळे फरशीचा एखादा कोपरा अर्धा सेंटिमीटर वर आलेला असतो. एरवी डोळ्याला दिसत नाही, पण वर कारपेट पडलं की नेमक्या त्या कोपऱ्यावर ते झिजतं आणि तिथंच ठेच लागते. एक लांब सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, जुन्या स्लायडिंग खिडकीतली असली तरी चालेल, फरशीवर आडवी-उभी फिरवा. जिथं पट्टी डोलते तिथं खडूनं खूण करा. हलणारी फरशी गवंड्याकडून पुन्हा बसवून घ्या. सांध्यात खड्डे पडले असतील तर पांढऱ्या सिमेंटनं भरून दोन दिवस वाळू द्या.

नंतर दारं. बोळात उघडणारं प्रत्येक दार सावकाश फिरवून बघा. दाराखाली किती फट आहे हे मोजायला मी पोस्टकार्डासारखे जाड कागद एकावर एक ठेवत जातो. दार अडलं की थांबायचं, कागदांचा गठ्ठा मोजपट्टीवर धरायचा. कारपेट आणि ते घसरू नये म्हणून खाली घालायची रबरी जाळी यांची मिळून जाडी त्या गठ्ठ्यापेक्षा दोन मिलिमीटर तरी कमी हवी. दार घासतंय म्हणून सुताराकडून तासून घेणारे लोक असतात. मी पातळ कारपेट घेतो.

आणि बोळातून इन्व्हर्टरची किंवा बोअरच्या मोटारीची वायर गेली असेल तर ती आधी भिंतीवरून पट्टीत न्या. कारपेटखालून वायर कधीही नेऊ नका. पायाखाली चुरडून तिचं आवरण फाटतं, ती तापते आणि वर झाकण असल्यामुळे जळायला लागेपर्यंत कुणाला कळत नाही.

माप कसं घ्यायचं

आमच्याकडे रुंदी एका जागी मोजून दुकानात जायची पद्धत आहे. तसं करू नका. बोळाची रुंदी तीन ठिकाणी मोजा. आमचा बोळ ढेलजेच्या टोकाला ४२ इंच, मध्यावर ४३ आणि स्वयंपाकघराच्या दाराशी साडेएकोणचाळीस इंच भरला. दगड-मातीच्या भिंतींना तीन-चार इंचांचा फरक म्हणजे काहीच नाही. नव्या फ्लॅटमध्येही गिलाव्यामुळे अर्धा इंच इकडे-तिकडे असतोच.

रनर भिंतीला भिडवायचा नसतो. दोन्ही बाजूंनी चार ते सहा इंच फरशी उघडी दिसली पाहिजे. त्यानं बोळ रुंद वाटतो, झाडू कडेनं फिरतो आणि भिंतीचा पोपडा पडला तर तो कारपेटवर न पडता फरशीवर पडतो. ४२ इंची बोळाला ३० इंची, म्हणजे अडीच फुटी रनर बरोबर बसतो, दोन्हीकडे सहा-सहा इंच सुटतात. तीन फुटी बोळाला दोन फुटी घ्या. बाजारात तयार पट्टे साधारण दोन, अडीच आणि तीन फुटी मिळतात. मधलं माप हवं असेल तर मोठ्या रोलमधून कापून कडा शिवून घ्याव्या लागतात.

लांबीतही दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सोडा. अठरा फुटांचे २१६ इंच, त्यातून १२ गेले, उरले २०४, म्हणजे बरोबर सतरा फूट. दुकानदाराकडून साडेसतरा फूट घ्या. ते सहा इंच कापणीची चूक झाकायला लागतात. सुती दरी घेणार असाल तर आणखी वाढवा, कारण ती पहिल्या धुण्यात आटते. शेकडा तीन जरी आटली, तरी सतरा फुटांत सहा इंच गेले. म्हणून दरी आधी एकदा धुऊन, वाळवून, मगच टोकं पक्की करावीत.

बाथरूमचं दार बोळातच असेल तर रनर त्याच्या एक फूट अलीकडे संपवा आणि तिथं वेगळं पायपुसणं टाका. ओले पाय रोज एकाच जागी पडले की कुठलंही कारपेट सहा महिन्यांत तिथं काळं पडतं.

कशाचं घ्यावं

इथं माझं मत एकतर्फी आहे, ते आधीच सांगतो. मराठवाड्यात धुवायला पाण्याचे टँकर मागवावे लागतील असं कारपेट घेऊ नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात राहून जाड लवेचा, दर महिन्याला शॅम्पू मागणारा गालिचा बोळात टाकणं म्हणजे हत्ती दारात बांधणं.

रोजच्या वापराला दोन गोष्टी बऱ्या. एक, पॉलिप्रॉपिलीनचा आखूड लवेचा मशीनचा रनर. स्वस्त असतो, पाणी शोषत नाही, झटकला की धूळ सुटते. त्याचे दोष दोन. वर्षभरात मधली वाट दबून चपटी दिसते आणि तो उष्णतेला कच्चा असतो. हा धागा साधारण १६० अंशांना वितळतो, त्यामुळे धुपाटण्यातला निखारा पडला तर तिथं कायमचं कडक भोक. देवघर बोळात असेल तर हे लक्षात ठेवा. नायलॉन दबल्यावर पुन्हा उभा राहतो, पण महाग पडतो.

दुसरी, सुती दरी. वरंगळच्या दऱ्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. १९५६ पर्यंत वरंगळ आणि आपले जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या ट्रंकांत अजून तिकडच्या शतरंज्या सापडतात. दरी दोन्ही बाजूंनी वापरता येते, अंगणात दांडीवर टाकून बडवता येते, घरी धुता येते. लव नसल्यामुळे म्हाताऱ्या माणसाची काठी किंवा वॉकर अडत नाही. दोष एकच: फरशीवर ती साबणासारखी घसरते. खाली जाळी नसेल तर दरी बोळात टाकूच नका.

लोकर ऊबदार, पण तिला कसर लागते आणि दर उन्हाळ्यात ऊन दाखवावं लागतं. ताग दिसायला सुंदर, पाणी सांडलं की तपकिरी डाग. काथ्या उंबऱ्यापाशी चपलांसाठी चांगला, अनवाणी पायांना टोचतो. घरात वयस्कर माणूस असेल तर काहीही घ्या, पण एक सेंटिमीटरपेक्षा जाड घेऊ नका. आणि रंगाचं म्हणाल तर पांढरा-क्रीम नको तसाच गडद काळा-निळाही नको, त्यावर धूळ पांढरी उठून दिसते. विटकरी, मातकट, बारीक नक्षीचा. काळ्या मातीचा पाय पडला तरी पाहुण्यांपुढे लाज राहते.

खालची जाळी

रनर हलू न देण्याचं निम्मं काम ही जाळी करते, आणि लोक नेमके तिथंच पैसे वाचवतात. रबरी फेसाची भोकाभोकाची जाळी कारपेटच्या दुकानात रोलमधून मिळते. खिडकीच्या पडद्यासारखी पातळ असते ती घेऊ नका, बोटांत चुरडून बघा, भुगा पडला तर ती उन्हाळा काढणार नाही. ओल असलेल्या शहाबादीवर भोकांची जाळीच हवी, सलग रबरी शीट नको. हवा खेळती राहते.

जाळी रनरपेक्षा चारी बाजूंनी एक इंच आत कापा. काठोकाठ कापली तर कडा फुगलेली दिसते आणि जाळीची किनार बाहेर डोकावते. जाळीची पकड धुळीनं जाते. फरशी आधी झाडून, ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळू द्या. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पुसली असेल तर पांढरा थर उरतो, त्यावर जाळीही नीट धरत नाही आणि टेपही. शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्यानं करा, बादलीही लागत नाही.

अंथरण्याचा दिवस

रोल आणला की लगेच बसवू नका. सावलीत उलटा गुंडाळा, म्हणजे आतली बाजू बाहेर, आणि दोन तास ठेवा. मग बोळात सैल पसरून एक रात्र राहू द्या. टोकं वर वळत असतील तर त्यांच्यावर पाटा ठेवा. आमच्याकडे पाटा-वरवंट्याचा आता एवढाच उपयोग उरलाय. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात सपाट करायला टाकू नका, मागचा लेटेक्सचा थर कडक होऊन तडकतो.

दुसऱ्या दिवशी रनर बाजूला करून मधली रेघ काढायची. ढेलजेच्या टोकाला बोळाच्या रुंदीचा मध्य काढा, स्वयंपाकघराच्या टोकाला काढा. सुतळीला खडू घासून दोन्ही खुणांवर ताणून धरा, मधून उचलून सोडा. फरशीवर पांढरी रेघ उमटते. सुतार हेच नीळ लावलेल्या दोरीनं करतात, पण नीळ शहाबादीत मुरते, खडूच बरा.

आमच्या बोळात त्या रेघेवर ३० इंची पट्टा टाकला तर ढेलजेशी दोन्हीकडे सहा इंच आणि स्वयंपाकघराशी दोन्हीकडे पावणेपाच इंच फरशी राहत होती. बोळ निमुळता असल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण फरक दोन्ही भिंतींवर सारखा वाटला गेला. पण मी पुन्हा फसता फसता वाचलो. रेघ मारल्यावर आई म्हणाली, “तिरकं दिसालंय.” मोजमाप बरोबर होतं आणि तिचंही बरोबर होतं. फरशीचे सांधे त्या रेघेला समांतर नव्हते, अठरा फुटांत इंचभर सरकत होते. डोळा भिंतीकडे बघत नाही. पट्ट्याच्या कडेला लागून जो सांधा आहे, त्याच्याशी ताडून बघतो. त्यामुळे फरशीचे सांधे ठळक असतील तर रनर सांध्याला समांतर ठेवा, भिंतीकडचा फरक गेला उडत. मोठ्या, सांधा न दिसणाऱ्या टाईल्स असतील तर मधली रेघ.

सरळपणा ठरला की टोकाचा काटकोन. गवंड्याचा गुण्या असेल तर उत्तम, नसेल तर तीन-चार-पाचचा हिशोब. रेघेवर चार फुटांवर खूण, रेघेला आडवी तीन फुटांवर खूण, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. टोक भिंतीला समांतर न कापता या काटकोनात कापायचं.

आता जाळी रेघेवर पसरा, वर रनर गुंडाळीनं ठेवून ढेलजेकडून उलगडत जा. दोन माणसं हवीत, एक उलगडायला आणि एक मागून कडा रेघेवर आहे का बघायला. लव कुठल्या बाजूला झुकते ते हात फिरवून बघा. एका दिशेनं हात गुळगुळीत जातो, उलट्या दिशेनं लव उभी राहते आणि रंग गडद दिसतो. एकच तुकडा असेल तर दिशा आवडीची, पण दोन तुकडे जोडणार असाल तर दोघांची लव एकाच बाजूला हवी, नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

सुरकुती पडली तर ओढू नका. ढेलजेकडचं टोक दुसऱ्याला दाबून धरायला सांगा आणि स्वतः मोजे घालून, टाचा घासत, आत चालत जा. सुरकुती तुमच्यापुढे सरकत मोकळ्या टोकातून निघून जाते. मग एक तास सोडा, घरातली माणसं नेहमीसारखी ये-जा करू देत, आणि त्यानंतरच जादाचा तुकडा कापा.

कापताना रनर उलटा करायचा. पाठीवर विणीच्या आडव्या ओळी दिसतात. मोजमापाची खूण करून जवळच्या दोन ओळींच्या मधून कापत जा, ओळ तोडू नका. आधी कापायच्या रेघेवर चिकटपट्टी लावली तर धागे सुटत नाहीत. कटरचं पातं नवीन घ्या. खाली प्लायवूडचा तुकडा हवा, दगडावर पातं दोन फुटांत बोथट होतं. एका झटक्यात जोर लावून कापायचं नाही, हलक्या हातानं तीनदा फिरवायचं. बोथट पातं कापत नाही, ओढतं, आणि ओढलेल्या कडेचा धागा पुढे महिनाभर सुटत राहतो.

कापलेल्या टोकाला ओव्हरलॉक किंवा फीत लागते. कारपेटच्या दुकानात करून मिळत नसेल तर मोटारसायकलच्या सीट कव्हरवाल्याकडे जा. त्याच्याकडे जाड शिवणीचं मशीन असतं आणि रेक्झिनच्या पट्ट्याही असतात. साध्या टेलरकडे नेऊन त्याची सुई मोडू नका. पॉलिप्रॉपिलीनची कड मेणबत्तीनं वितळवून बंद करणारे लोक मी बघितलेत. घरात पोरं-बाळं असताना मी तो उद्योग करणार नाही.

टोकांचा बंदोबस्त

जनावराला एकच दावं असतं, तसंच रनरचं एकच टोक पक्कं करायचं. कुठलं? जिकडून माणसं जास्त शिरतात ते. पहिलं पाऊल तिथं पडतं, ठेच तिथं लागते, आणि ढकलही तिथूनच बसते. दुसरं टोक मोकळं असलं की तिकडून घडी घालत अर्ध्यापर्यंत उचलायचं आणि खालून पुसून घ्यायचं.

पक्क्या टोकाला बोथट कडेची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवतात. शहाबादीत ड्रिल मारायचं असेल तर दगडाच्या मधोमध मारू नका. हा दगड थरांचा असतो, कपचा उडतो. सांध्यात भोक पाडा, स्क्रू धरणारी गिट्टी ठोका, मग स्क्रू. अडीच फुटी पट्टीला चार स्क्रू पुरतात. स्क्रूचं डोकं पट्टीत पूर्ण बसलं पाहिजे, बोट फिरवून बघा. भाड्याच्या घरात किंवा टाईल्सला भोक पाडायची तयारी नसेल तर दोन्हीकडून चिकटणारी कापडी कारपेट टेप लावा. पातळ कागदी टेप नको. टेपचा जुना चिकटपणा काढायला गुळगुळीत टाईलवर खोबरेल तेल चालतं, पण पॉलिश नसलेल्या शहाबादीवर तेलाचाच डाग पडेल, तिथं कोमट साबणपाणी आणि धीर.

मोकळ्या टोकाच्या दोन कोपऱ्यांना मात्र वेल्क्रो लावा. मऊ बाजू रनरच्या पाठीला शिवून, खरखरीत बाजू फरशीला चिकटवून. कोपरा उलटत नाही आणि हवा तेव्हा चर्रकन निघतो. हे माझ्या मते सगळ्या कामातलं सगळ्यात उपयोगी दोन इंच आहे.

बोळ काटकोनात वळत असेल तर एकच पट्टा वळवायचा नाद सोडा. दोन वेगळे रनर घ्या, मध्ये फूटभर फरशी दिसू द्या. जिन्यावर चढवायचा विचार असेल तर ते काम माणूस बोलावून करून घ्या. तिथं प्रत्येक पायरीच्या कोनात पितळी किंवा स्टीलची दांडी बसवून रनर आवळावा लागतो आणि लव खालच्या दिशेला ठेवावी लागते. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर नुसत्या टेपच्या भरवशावर मी माझ्या आईला चालू देणार नाही.

शेवटी चाचणी: मोजे घालून बोळात भरभर चाला आणि मध्येच एकदम थांबा. रनर सरकला तर जाळी कमी पडते आहे किंवा फरशी धुळीची आहे. काठीचं टोक कडेवर आडवं घासून बघा, अडलं तर ती कड पुन्हा बसवा.

पुढची काळजी

काळ्या मातीचा चिखल लागला तर लगेच पुसू नका. ही माती इतकी बारीक आणि चिकट असते की ओली पुसली की धाग्याच्या बुडाशी जाते. पूर्ण वाळू द्या, ढेकूळ बोटांनी फोडा, ताठ ब्रशनं झटका. डाग उरलाच तर मग ओलं फडकं, तेही चोळायचं नाही, टेकवून उचलायचं. सोयाबीनच्या आणि तुरीच्या राशी चालू असतात त्या दिवसांत गावाकडच्या घरात कुसळं आणि भुसकट येतंच. तेव्हा रोज झाडू आणि आठवड्याला बाहेर नेऊन बडवणं. माळवदाचं घर असेल तर वरून माती झिरपते, त्यालाही हाच उपाय.

गावात, शेताजवळ किंवा जुन्या दगडी घरात राहत असाल तर कारपेटची कड उचलताना बोटं आत घालू नका. आधी काठीनं उचला. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात विंचू गार, अंधाऱ्या जागेत शिरतो, आणि रनरची मोकळी कड त्याला आयतं घर. आठवड्यातून एकदा उचलण्याचं दुसरं कारण हेच. भिंतीच्या बुडाशी वाळवीची मातीची रेघ दिसली तर ताग किंवा सुती रनर त्याच दिवशी उचला, ती एका पावसाळ्यात पाठ खाऊन टाकते.

दर दोन-तीन महिन्यांनी पक्कं टोक सोडवून रनरची टोकं आलटून-पालटून घाला, म्हणजे एकाच जागी झिजत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना वेल्क्रोची मऊ बाजू शिवून ठेवा. जाळी साबणपाण्यात बुडवून, न पिळता, सावलीत वाळवा. तिची पकड परत येते.

ओल येणाऱ्या घरात मात्र मृगाच्या आसपास, जूनच्या पहिल्या आठवड्यात, रनर काढून ठेवायचा आणि दसऱ्यानंतर पुन्हा अंथरायचा. घडी घालू नका, घडीवर पाठ तडकते. जुन्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, जुन्या सुती साडीत लपेटा आणि उभा न ठेवता आडवा ठेवा. आमचा आईच्या इरकलीत गुंडाळून कपाटावर असतो. ऑक्टोबरात तीच आठवण करते, “तुझं ते अंथर आता,” आणि मोकळ्या टोकाकडून खालची फरशी पुसायलाही तीच पहिली येते.